गोल कोपऱ्यांसाठी राखीव रक्कम मोडू का?

प्रश्न असा आहे: घरातल्या नव्या पार्टिशन भिंतींचा लाकडी सांगाडा उभा राहिलाय, जिप्सम बोर्ड अजून लागायचाय. सगळे बाहेरचे कोपरे 60 सेंमी त्रिज्येत गोल करून हवेत. वाढीव खर्चासाठी एकतर सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढ्या राखीव रकमेतले चार महिन्यांचे पैसे काढायचे किंवा वैयक्तिक कर्ज घ्यायचं. 'नंतर करता येणार नाही' हे तुमचं कारण.

मी दोन्हीला नाही म्हणेन. कारण मात्र अर्धं खरं आहे. मोठा गोलावा सांगाड्यातच ठरतो. वरची आणि खालची पट्टी प्लायवूडमधून वक्र कापायची, स्टड (सांगाड्याचे उभे दांडे) नेहमीच्या 40 ऐवजी साधारण 15 सेंमीवर घ्यायचे, त्यावर वाकणाऱ्या पातळ बोर्डाचे दोन थर चढवायचे. 60 सेंमी त्रिज्येचं एक काटकोनी वळण सुमारे 94 सेंमी भरतं. एवढ्यासाठी सहा-सात स्टड लागतात. म्हणजे तुमचे पैसे सामानापेक्षा सुताराच्या दिवसांत जातात, आणि प्रत्येक कोपऱ्याला नव्याने जातात.

बुलनोज कॉर्नर बीडचं, म्हणजे बोर्डाच्या कोपऱ्यावर बसवायच्या गोल धारेच्या पट्टीचं, तसं नाही. साधारण 19 मिमी गोलाईची ही पट्टी नेहमीच्याच सांगाड्यावर, बोर्ड लागल्यावर, साध्या टोकदार कोपऱ्याच्या बीडच्या जागी बसते. सांधे भरायला घेईपर्यंत तुम्हाला विचार बदलता येतो. कोपऱ्याची धार लागू नये एवढाच हेतू असेल (मुलं धावतात, सामान आपटतं) तर काम इथेच भागलं. हिचा छुपा खर्च स्कर्टिंगमध्ये (भिंतीच्या तळाशी लागणाऱ्या पट्टीत) आहे: एका कोपऱ्याला मध्ये छोटा तुकडा घालून 22.5 अंशांचे काप घ्यावे लागतात. त्याची मजुरी दरपत्रकात वेगळी लिहून घ्या, नाहीतर शेवटच्या बिलात भेटेल.

कर्जाचा हिशेब साधा आहे. समजा 12 टक्के दर, तीन वर्षांची मुदत आणि समान हप्ते, तर दर 100 मागे जवळपास 20 व्याज जातं. त्यात घर विकताना गोल कोपऱ्यांचे पैसे वसूल होतील, हे मी गृहीत धरणार नाही. शिवाय बांधकाम चालू असताना राखीव रकमेला हात लावणं मला जास्त खटकतं. अनपेक्षित खर्च नेमके याच काळात निघतात.

आत शिरताच दिसणारा एखादा कोपरा मनात भरला असेल तर तेवढाच मोठ्या वळणाचा करा, तोही फर्निचर किंवा पडद्यांसाठी ठेवलेल्या पैशांतून. बाकी सगळीकडे बुलनोज. बोर्ड चढायच्या आत ठेकेदाराकडून प्रत्येक कोपऱ्याचा वेगळा दर मागवा. एकगठ्ठा आकड्यावर होकार देऊ नका.