वाचकांचे प्रश्न, कॅप्टनची उत्तरं: केबल तोडणारा सुटतो कसा?

प्रश्न : कॅप्टन, बाल्टिक समुद्रात केबल तुटल्याच्या बातम्या येतात, जहाजही सापडतं, पण पुढे काहीच होत नाही. नाटोच्या युद्धनौका काय करतात? – एक वाचक

उत्तर : युद्धनौका गस्त घालतात. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ‘बाल्टिक सेंट्री’ मोहीमच सुरू आहे. पण घोडं अडतं ते कोर्टात.

‘ईगल एस’चं उदाहरण घ्या. रशियातून इंधन भरून निघालेलं हे टँकर, झेंडा (म्हणजे नोंदणी) कुक आयलंड्सचा, कप्तान जॉर्जियाचा. २५ डिसेंबर २०२४ ला त्याच्या नांगराने फिनलंड-एस्टोनियामधली ‘एस्टलिंक २’ ही वीजकेबल तोडली, वर चार दूरसंचार केबलही. फिनलंडने वेळ दवडला नाही. जहाज आपल्या हद्दीत आणवलं, हेलिकॉप्टरने माणसं उतरवली, ताबा घेतला. नांगर सुमारे ९० किलोमीटर तळावरून फरफटत गेल्याचं तपासात दिसलं. जहाजावरच्यांचं म्हणणं, हा अपघात होता.

माझी नोकरी जहाजांवरच झाली. नांगर सुटला की साखळीच्या खडखडाटाने झोपलेला खलाशी उठून बसतो. नांगर तळाला घासू लागला की वेग पडतो, मग ब्रिज (जहाज चालवण्याची खोली) आणि इंजिनरूममध्ये फोनाफोनी सुरू होते. वादळी हवेत, जुनाट जहाजावर थोडा वेळ लक्षात येणार नाही, कबूल. पण ९० किलोमीटर?

असो, माझा संशय म्हणजे पुरावा नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने खटला अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच फेटाळला. केबल तुटली होती १२ सागरी मैलांच्या हद्दीबाहेर. तिथल्या नौकानयनाच्या अपघाताला १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम ९७ लागतं. त्यानुसार फौजदारी कारवाई झेंड्याच्या देशाने करायची, नाहीतर आरोपीच्या स्वतःच्या देशाने. ज्याची केबल तुटली, तो या यादीत नाहीच! कलम ११३ प्रमाणे आपल्या झेंड्याखालच्या जहाजाने केबल तोडली तर शिक्षा होईल, असा कायदा प्रत्येक देशाने करायचा असतो. पण नोंदणी फीसाठी झेंडा देणाऱ्या देशाला असा खटला चालवण्यात कसला रस?

करार बदलायला पिढी जाईल. त्यापेक्षा मला विम्याची कागदपत्रं तपासण्याचा उपाय चालण्यासारखा वाटतो. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन, डेन्मार्क, फिनलंड वगैरे देशांनी इंग्लिश खाडी, डॅनिश सामुद्रधुन्या आणि फिनलंडच्या आखातात निर्बंध चुकवून रशियाचं तेल वाहत असल्याचा संशय असलेल्या टँकरांकडे ती मागायचं ठरवलं. कोर्टाच्या समन्सला न भिणारा जहाजमालक बंदराबाहेर रखडलेल्या जहाजाला मात्र भितो. तिथे रोजचं भाडं बुडतं.