संगणक शंका-समाधान : डेबियन बसेना, दोष डिस्कचा की पेनड्राइव्हचा?

प्रश्न : मालवणजवळच्या गावात माझे झेरॉक्सचे लहान दुकान आहे. विंडोज १० ची मोफत अद्ययावतने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्यामुळे जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी डेबियन १३ ही लिनक्स कार्यप्रणाली बसवायला घेतली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन रात्री तिची इन्स्टॉलर फाइल उतरवली. मध्ये तीनदा लाइट गेली. पहिल्या खेपेस ‘फाइल वाचता येत नाही’ असे सांगून काम अर्ध्यावर थांबले. पुन्हा केल्यावर ते पूर्ण झाले, पण लॅपटॉप सुरू केला की थेट विंडोजच येते. खाऱ्या हवेने हार्ड डिस्क गेली आहे, नवी घाला, असे दुरुस्तीवाले सांगतात. घालावी का?

उत्तर : इतक्यात नको. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही अडचणी डिस्क धडधाकट असतानाही येतात.

जोडणी तुटत तुटत उतरलेली फाइल पूर्ण दिसली तरी आत खराब असू शकते. डेबियनच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे ६४ अक्षरांची एक ओळ, दिलेला असतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा देऊन आपल्या फाइलचा ठसा काढावा आणि दोन्ही ओळी अक्षरशः ताडून पाहाव्यात. एका अक्षराचाही फरक असेल, तर ती फाइल टाकून द्यावी. ठसा जुळला, तर संशय पेनड्राइव्हवर घ्यावा. फाइल त्यावर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफससारख्या साधनाने, शक्यतो त्यातील डीडी पद्धत निवडून, ती लिहावी लागते. खाऱ्या हवेबद्दल दुरुस्तीवाले अगदीच चुकीचे बोलत नाहीत, पण पहिला मार बहुधा उघड्या धातूला बसतो. माझाच एक पेनड्राइव्ह पावसाळाभर खणात पडून होता. श्रावणात काढला, तर त्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. त्यामुळे दुसरा पेनड्राइव्ह आणि दुसरे पोर्ट वापरून पाहणे हाच स्वस्त उपाय.

आता थेट विंडोज येण्याचे पाहू. बूट मेनूमध्ये, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीत, एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ (लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत) या शब्दासह आणि एकदा त्याशिवाय. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेले असताना तुम्ही दुसरी ओळ निवडली असेल, तर डेबियन जुन्या बायॉस पद्धतीने बसते, आणि यूईएफआयने सुरू होणाऱ्या लॅपटॉपला ते दिसतच नाही. हे ओळखणे सोपे आहे : इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावरील शीर्षकात ‘यूईएफआय’ की ‘बायॉस मोड’ लिहिले आहे, ते वाचावे. बायॉस मोड असेल, तर नव्या डेबियनमध्ये अजून तुमचे काहीच नसल्याने, फक्त त्याचेच विभाजन (डिस्कवरील त्याचा भाग) पुसून योग्य ओळीवरून पुन्हा बसवणे सर्वांत सरळ. विंडोजच्या विभाजनांना हात लावू नये आणि दुकानाच्या फाइलींची प्रत आधी बाहेर काढून ठेवावी.

शीर्षकात यूईएफआयच असेल, तर लॅपटॉपच्या यूईएफआय सेटअपमध्ये जाऊन बूट क्रमात ‘डेबियन’ वर आणावे. काही लॅपटॉप हा क्रम जुमानत नाहीत. तिथे इन्स्टॉलरच्या प्रगत पर्यायांतील रेस्क्यू मोड उघडावा आणि ग्रब हा बूटलोडर (डेबियन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) ‘रिमूव्हेबल मीडिया’च्या मार्गावर सक्तीने बसवण्याचा पर्याय निवडावा, त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल, तर सेटअपला हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

प्रश्न : दापोलीतील आमच्या वाचनालयाच्या जुन्या संगणकावर डेबियन १३ ‘एक्स८६-६४ प्रोसेसर हवा’ असे म्हणून थांबते. काय करावे?

उत्तर : एक्स८६-६४ म्हणजे ६४-बिट प्रोसेसर; तो संगणक ३२-बिट आहे आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच दिलेला नाही. डेबियन १२ ची ‘आय३८६’, म्हणजे ३२-बिट, आवृत्ती घ्यावी आणि तिच्यावर हलका एलएक्सक्यूटी डेस्कटॉप निवडावा.