अमारोक, क्लेमेंटाइन, स्ट्रॉबेरी: एकाच घरातले?

प्रश्न: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय. गाण्यांसाठी एकजण म्हणतो क्लेमेंटाइन टाक, दुसरा म्हणतो स्ट्रॉबेरी. दोन्ही सेमच दिसतात की! भानगड काय आहे?

उत्तर: सेम दिसणारच, दोघांचे आजोबा एकच आहेत ना! अमारोक नावाचा जुना म्युझिक प्लेअर. २००३ च्या सुमारास मार्क क्रेचमन नावाच्या डेव्हलपरने सुरू केला, केडीई डेस्कटॉपसाठी (म्हणजे लिनक्सवर दिसणारी खिडक्या-मेनूंची एक मांडणी), आणि त्याचं १.४ व्हर्जन लोकांना इतकं आवडलं की विचारू नका. मग २००८ च्या डिसेंबरात २.० आलं, सगळं नव्याने लिहिलेलं, स्क्रीनची मांडणीच बदललेली, आणि जुने युजर जाम वैतागले (माझ्या मते बरोबरच होतं त्यांचं, चाललेली गाडी कशाला खोलायची?). कोड ओपन सोर्स, म्हणजे कोणीही घेऊन बदलावा असा खुला असल्यामुळे काहींनी १.४ च नव्या क्यूटी ४ वर (प्रोग्रॅम बनवायचं टूलकिट) आणलं, ते झालं क्लेमेंटाइन, २०१० मध्ये. पण २०१६ च्या १.३.१ नंतर त्याचंही काम रेंगाळलं, म्हणून २०१८ मध्ये त्यातूनच स्ट्रॉबेरी निघालं, ऑडिओ क्वालिटीवाल्यांसाठी. गंमत म्हणजे आजोबा अजून आहेत, २०२४ च्या एप्रिलमध्ये अमारोक ३.० आलं! तुम्ही स्ट्रॉबेरी टाका.