ते माझ्या हिशेबी मांड
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात पाळकसाहेबांनी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला. ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे...’ लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या ओळी, पण त्या दिवशी मला तिथे बसवेना. समोरच्याच बाकावर माझ्या मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या. सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा यांनी एक दिवस हात लावला नाही; त्या गेल्यावर पाटल्या मात्र आधी उचलल्या. त्यांना पाहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. प्रीती वाटत नाही आणि ओढूनताणून आणता येत नाही. मग इतकी वर्षं केलेली माझी उपासना खोटी का? — एक भगिनी, सदर (नागपूर)

उत्तर : भगिनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि कपाटातून एक जुनी वही काढून समोर ठेवली. तिच्याबद्दल पुढे सांगते. आधी त्या अध्यायाबद्दल, कारण लग्नात वाचून वाचून आपण तो हळद-फुलांचा करून टाकला आहे, आणि तो लग्नासाठी लिहिलेला नाही.

येशूचा प्रेषित पौल याने हे पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमाराला इफिसहून करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं. ती मंडळी भांडत होती. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा. भावाभावांचे खटले कोर्टात गेलेले. प्रभुभोजनाला एकत्र जमत, पण ज्यांच्या घरी भरपूर ते आपापलं आधी जेवून घेत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी बसत. अशा लोकांना पौल प्रीती शिकवतो आहे. म्हणजे तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई एकाच सभागृहात पुढे-मागे बसलेल्या होतात, तिथेच तो अध्याय खरा वाचायचा आहे. तुम्हाला बसवलं नाही याचा अर्थ तुम्ही तो नीट ऐकला.

आणखी एक गोष्ट. मराठीत आपण ‘सहनशील आहे, परोपकारी आहे’ असं वाचतो, त्यामुळे ते गुणांचं वर्णन वाटतं. मूळ ग्रीकमध्ये त्या ओळींत विशेषण नाही, सगळी क्रियापदं आहेत. प्रीती थांबते, भलं करते, फुगत नाही, चिडत नाही. सगळ्या करायच्या आणि न करायच्या गोष्टी. ‘वाटते’ हे क्रियापद त्यात कुठेही नाही. तुम्हाला जे वाटत नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय, ते पौलाने मागितलेलंच नाही.

त्यातलं एक क्रियापद माझ्या धंद्यातलं आहे. मी एकतीस वर्षं एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखाकारांच्या कार्यालयात काढली. व्हाउचर तपासायचं, नोंद जुळवायची, आक्षेप काढायचा, बाकी पुढे ओढायची. ‘अपकार स्मरत नाही’ असं आपल्या पवित्र शास्त्रात आहे, तिथे मूळ शब्द आहे तो हिशेबाचा. त्या काळचे व्यापारी रक्कम खात्यावर मांडायला तोच शब्द वापरत. प्रीती अपकाराची नोंद धरत नाही, असा तो अर्थ. हे मला एका शिकलेल्या पाळकांनी शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या वर्गात सांगितलं, तेव्हा मी मान वर केली नाही. कारण ती वही तेव्हा माझ्या कपाटात होती.

निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. आमची आई तीन वर्षं आजारी होती, माझ्याकडेच होती. माझा मोठा भाऊ मानेवाड्याला राहायचा. पहिल्या महिन्यापासून मी लिहून ठेवलं : औषधं, डायपर, रात्रपाळीच्या बाईचे पैसे, ऑक्सिजनचं सिलिंडर, रिक्षा. डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला भावाने दिलेले. उजवी बाजू बहुतेक पानांवर कोरी होती. एके ठिकाणी फक्त ‘संत्री, एक डझन’ असं आहे. आई गेल्यावर मी एकूण केली, खाली दुहेरी रेघ मारली आणि वही कपाटात ठेवली. सहा वर्षं. त्याला दाखवली नाही, मागितले काही नाही. नाताळला फराळाचं ताट पाठवायचे, ईस्टरला हात मिळवायचे, आणि वही कपाटात. मला वाटायचं, मी काही बोलत नाही म्हणजे मी क्षमा केली आहे.

मग भावाला लकवा झाला. उजवी बाजू गेली. वहिनी आधीच वारलेली, मुलगा पुण्याला. मे महिना होता. मी डब्यात मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात घेऊन सदरहून बर्डी, बर्डीहून बस बदलून मानेवाडा अशी रोज अकराच्या उन्हात जायला लागले. भगिनी, मला त्या प्रवासात एक दिवसही प्रेम वाटलं नाही. बर्डीच्या स्टॉपवर उभी राहून मी मनात तीच बेरीज करायचे. पहिल्या दिवशी त्याने वाकड्या तोंडाने विचारलं, “तू काऊन आली?” मला उत्तर सुचलं नाही. मी चमच्याने भात भरवला, तो ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळत होता, तो पदराने पुसला आणि पुन्हा भरवला.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, बीपी सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. घरून निघताना घाईत जी वही हाताला लागली ती घेऊन गेले. तीच होती. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर भावाच्या बीपीचे आकडे आहेत : १७०/१००, १६०/९८, १५४/९४. पुढून आईचा हिशेब, मागून भावाचं दुखणं. आज समोर ठेवली आहे ती हीच. ती मी फाडली नाही, आणि फाडायला हवी होती असंही मला वाटत नाही. त्यातला एकूण आकडा मला अजून पाठ आहे. पण तो आता वसुलीचा आकडा राहिलेला नाही.

असं कसं होतं ते मला बायबलमधल्या सर्वांत छोट्या पत्रांपैकी एकातून समजलं. पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र, एकच अध्याय, पंचवीस वचनं. अनेसिम हा फिलेमोनाचा दास मालकापासून दूर गेला आणि तुरुंगात असलेल्या पौलाला भेटून ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा झाला. पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि लिहितो की, आता दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल, तर ‘ते माझ्या हिशेबी मांड’. आणि पुढे, हे मी स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. पौल ‘जाऊ दे, सोडून दे’ म्हणत नाही. नुकसान झालं नाही असंही म्हणत नाही. ऑफिसात आम्ही वसूल न होणारी रक्कम निर्लेखित करायचो, म्हणजे बुडीत धरून खात्यातून काढायचो, तेव्हासुद्धा तिचा बोजा कुठे तरी पडायचाच. पौल तो बोजा आपल्या नावे घेतो. वधस्तंभाचा अर्थ मला विचाराल तर मी याच वाक्याकडे बोट दाखवीन.

येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे वाटेत लुटलेल्या अनोळखी जखमीला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या गोष्टीतही हेच आहे, फक्त आपण ते भरभर वाचतो. तो जखमीला तेल-द्राक्षारस लावतो, उतारशाळेत नेतो, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी तो दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगतो, यापेक्षा जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. अनोळखी माणसाच्या नावाने उघडं खातं, आणि देणेकरी स्वतः.

म्हणून जाऊबाईंवर प्रेम वाटण्याची वाट पाहू नका. सासूबाईंची सेवा तुम्ही केलीत ती त्यांच्या वाटची होती, त्यांनी ती केली नाही, हे खरं आहे. ते खोटं म्हणू नका, देवासमोर तर मुळीच नाही. प्रार्थनेत त्याला तेवढंच सांगा, आकड्यासकट, पाटल्यांसकट. मग एखादी गोष्ट करा, लहान. त्यांच्या घरी कोणी आजारी असेल तर फोन करा. तिडीक जाईल तेव्हा जाईल. माझी अजून पूर्ण गेलेली नाही, भाऊ गेला त्याला चार वर्षं झाली. पण शेवटच्या महिन्यात तो माझी वाट पाहायचा, आणि एकदा बस चुकून मला उशीर झाला तेव्हा मला बर्डीच्या स्टॉपवर रडू आलं होतं. ते कधीपासून आलं, मला कळलं नाही.

प्रश्न : मी इंदोऱ्यात राहतो, आमचं घर बौद्ध. माझी एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणते की तिच्या धर्माचं सार प्रेम आहे. आमच्याकडे मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा (समभाव) आहेत. मग तुमच्या प्रीतीत वेगळं काय? — एक विद्यार्थी, इंदोरा

उत्तर : बाळा, आधी हे सांगते की मानेवाड्याला माझ्या भावाला रोज कूस बदलून द्यायला येणारा शेजारी बौद्ध होता. त्याने कधी करुणा हा शब्द उच्चारला नाही. कामात फरक शोधायला जाशील तर सापडणार नाही, आणि सापडला नाही तर मला आनंदच आहे.

फरक आहे तो सुरुवात कुठून होते याचा. तुमच्याकडे मैत्रीची भावना माणूस स्वतः साधनेने वाढवतो, आणि ती सर्व प्राण्यांपर्यंत पसरवतो. आमच्याकडे पहिलं पाऊल देवाचं. योहान आपल्या पत्रात ‘देव प्रीती आहे’ असं लिहितो आणि लगेच स्पष्ट करतो की आपण देवावर प्रीती केली असं नाही, त्याने आपल्यावर केली. येशूने याचा एक दाखला दिला आहे, तो विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एका चाकराचं राजाकडे सात पिढ्यांत फिटणार नाही एवढं कर्ज होतं. राजाने त्याचा सातबारा कोरा केला. तो बाहेर पडला आणि त्याच्याकडून शंभर दिनार घेतलेल्या सोबत्याचा त्याने गळा धरला. ख्रिस्ती माणसाची प्रीती म्हणजे कर्जमाफी झालेल्याने दुसऱ्याचा गळा सोडणं. त्यामुळे तिचा अभिमान धरायला जागा उरत नाही. तुझ्या मैत्रिणीने ‘आमचंच प्रेम खरं’ असं म्हटलं असेल तर तिला हा दाखला वाचायला सांग, मत्तयाचा अठरावा अध्याय.

आणि शत्रूवर प्रीती करा, हे आहे. ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे, मत्तयाच्या पाच ते सात अध्यायांत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, तो प्रवास नागपूरहून राजनांदगावचा होता. याच प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी घर तुटलं, लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली, आणि मग त्याही आल्या. आमच्या उपासनेत आज अभंग आणि ओव्या गायल्या जातात त्या त्यांच्यामुळे. तुकोबांच्या छंदात येशूची प्रीती गाता येते, हे आम्हाला त्यांनी दाखवलं. एखाद्या रविवारी मैत्रिणीबरोबर ये, मागच्या बाकावर बस, ऐक. तुला कोणी काही विचारणार नाही. आणि चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाशील तेव्हा तिलाही ने.

प्रश्न : माझा नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं तर म्हणतात, प्रीती सर्व काही सहन करते, प्रार्थना कर, अपकार स्मरू नको. कामठीला माझी बहीण आहे, ती ये म्हणते. मी गेले तर पाप होईल का? — नाव नाही

उत्तर : नाही. होणार नाही.

त्याच अध्यायात, ‘अपकार स्मरत नाही’च्या लगेच पुढे लिहिलं आहे की प्रीती अन्यायात आनंद मानत नाही, सत्यात आनंद मानते. तुम्हाला सल्ला देणाऱ्यांनी एक ओळ वाचली आणि पुढची गाळली. पौलाने दुसऱ्याचं देणं आपल्या नावे घेतलं ते स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने लिहून. कोणी दुसऱ्याने तुमच्या पाठीवर ते लादलं तर त्याला प्रीती म्हणत नाहीत. नवऱ्याचा हात थांबणं हे त्याच्याही भल्याचं आहे.

हिशेब न ठेवणं वेगळं आणि पुरावा न ठेवणं वेगळं. मी ऑडिटवाली बाई आहे, माझं ऐका. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, तारखा लिहून ठेवा, ते कागद बहिणीकडे ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार करता येते, आणि राहत्या घरातून तुम्हाला हाकलता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो. १८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर आहे, रात्री मार पडत असेल तर ११२. मुलांचे शाळेचे कागद आणि आधार कार्ड आधी पिशवीत घाला.

प्रार्थना तर करायचीच आहे. त्याच्यासाठीही करा, दार लावून, बहिणीच्या घरी बसून. पत्रावर तुम्ही पत्ता घातला नाही, ते बरोबर केलं. पुढचं पत्र कामठीहून यावं, याची मी वाट पाहते.