पूजासाहित्याच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड

कार्डावर देवाचा फोटो नको. कार्ड खिशात चुरगळतं, कचऱ्यात जातं, पायाखाली येतं. श्रद्धाळू गिऱ्हाइकाला ते खटकतं. वर मध्यभागी बारीक अक्षरात ‘॥ श्री ॥’ पुरे, हवं तर समईचं रेखाचित्र.

आकार ८९ × ५१ मिमी. चारही बाजूंनी कडेबाहेर ३ मिमी रंग जादा सोडा, मजकूर कडेपासून ५ मिमी आत ठेवा. नाहीतर कटिंगमध्ये वेलांट्या छाटल्या जातात. फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेखाकृतींत, बदलून घ्या. प्रेसकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, अगदी ‘श्री’सुद्धा. भगवा सीएमवायकेमध्येच (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) निवडा, स्क्रीनवरचा झळाळता केशरी छापल्यावर मळकट दिसतो. मागची बाजू कोरी, बिनलॅमिनेशनची ठेवा: सत्यनारायणाच्या सामानाची यादी तिथेच लिहून देता येते.