आधी काय थांबलं?

"हल्ली काही लिहून होत नाही, आणि वाचायला घेतलं तर दोन पानांपुढे जात नाही." माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे कवी हे सांगतात, अनुवादक सांगतात, वर्षानुवर्षं फक्त स्वतःसाठी डायरी लिहिणारेही सांगतात. बहुतेकांनी निदान आधीच केलेलं असतं: आळस, नाहीतर मोबाइल. मी त्यांना एकच विचारते, "आधी काय थांबलं? लिहिणं की वाचणं?"

एक कथालेखिका या प्रश्नावर बराच वेळ अडखळल्या. शेवटी म्हणाल्या, "लिहिणं. एक कथा मनासारखी उतरेना. म्हटलं, आधी भरपूर वाचूया, मग सुचेल. तर वाचनही गेलं."

"वाचताना कंटाळा येतो?"

"कंटाळा नाही हो, दडपण येतं."

कंटाळलेला माणूस पुस्तक मिटून दुसरं काही करतो. दडपण आलेला माणूस तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसतो. अडकलेलं पुस्तक पुढच्या भेटीत घेऊन या, असं मी त्यांना सांगितलं.

पहिल्या काही पानांवर पेन्सिलीच्या रेघाच रेघा होत्या. समासात बारीक अक्षरात शेरे: 'सुरुवात बघ', 'संवाद किती कमी!' पुढे एका पानावर रेघ नव्हती, नुसता शेरा होता. तो त्यांना मोठ्यानं वाचायला सांगितला.

"हे आपल्याला नाही जमायचं." वाचून त्या थांबल्या. डोळे भरून आले. "मॅडम, मी पुस्तक वाचतच नव्हते. स्वतःला मार्क देत होते."

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं, याचा मला आजही आनंद आहे. मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि पेन्सिल पुन्हा हातात घेतली असती. त्या दिवशी माझ्याही मनात एक गोष्ट पक्की झाली. लिहिणाऱ्याचं वाचन आटतं, ते बहुतेकदा गोडी संपल्यामुळे नाही. लिखाण अडलं की प्रत्येक चांगलं वाक्य त्याच्यावर निकाल देऊ लागतं, आणि रोज नापास व्हायला कोण बसेल? अशा वेळी 'वाच म्हणजे सुचेल' हा सल्ला ओझं दुप्पट करतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे. त्यांचं म्हणणं असं की, इच्छा माणसाला मोडत नाही. इच्छेची सक्ती झाली की ती सक्ती त्याला मोडते. 'चांगलं लिहावंसं वाटतं' इथपर्यंत ठीक. 'चांगलंच लिहिता आलं पाहिजे, नाहीतर मी कुणीच नाही' इथे हात आखडतो. आमच्या पुढच्या बऱ्याच भेटी या 'नाहीतर'वरच गेल्या.

मग वाचन आणि लेखन एकमेकांपासून सोडवलं. वाचायला असा विषय निवडायचा, ज्यावर आपण कधीच लिहिणार नाही. त्यांनी पक्षी निवडले. हातात पेन्सिल नाही, पुस्तक पुरं करायचं बंधन नाही, आवडलं तर मोठ्यानं वाचायचं. लिखाणासाठी रोज पंधरा मिनिटं. शुद्धलेखन, शैली बघायची नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. ही पंधरा मिनिटं माझ्या पदरची नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांविषयी लिहायला लावलं होतं. लिहून लगेच बरं वाटलं नाही, उलट काहींना उदासच वाटलं. फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला. म्हणून मी आधीच बजावते: पहिल्या दिवसांतल्या मनःस्थितीवरून निष्कर्ष काढू नका.

त्यांचं वाचन आधी परतलं, लिखाण बरंच उशिरा. अडलेली कथा त्यांनी बाजूला ठेवली आहे. सध्या एक वेगळीच लिहीत आहेत.

हे सगळं वाचन-लेखनापुरत्या मरगळीबद्दल झालं. एरवी आवडणाऱ्या इतर गोष्टींतूनही मन उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल आणि दोन आठवडे उलटूनही फरक नसेल, तर वह्या-पुस्तकांचा विचार नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा.