जनरल सर्जरीच्या रेसिडेंटने एंडोस्कोपी शिकण्यात वेळ घालवावा का?

पुण्यात एम.एस. जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, स्कोपीचे (कॅमेरा असलेली नळी आत घालून पचनमार्ग तपासण्याचे, म्हणजेच एंडोस्कोपीचे) काम पुढे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टकडेच (पोटविकारतज्ज्ञाकडेच) जाणार हे दिसत असूनही ती शिकावी का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते शिकावी. आणि त्याचे कारण पुढे स्वतःची स्कोपी सुरू करता येईल हे नव्हे, तर दुसऱ्याने लिहिलेल्या रिपोर्टवर विसंबून आपल्याला पोट उघडायचे असते, हे आहे.

‘गाठ ४० सेंटीमीटरवर’ असे रिपोर्टात लिहिलेले असते. परंतु स्कोप, म्हणजे ती नळी, सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडील नागमोडी भागात) वळसा घेऊन बसला असेल तर तो आकडा आतड्याची जागा सांगत नसून केवळ किती नळी आत गेली एवढेच सांगतो. सरळ केलेला स्कोप सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत) साधारण ७० ते ८० सेंटीमीटरमध्ये पोहोचतो, तर वळसे राहिले की तेथेच त्याहून कितीतरी अधिक नळी लागते. हे पुस्तकात मीही वाचले होते, पण नळी पुढे ढकलत असताना पडद्यावरचे दृश्य मागे सरकताना पाहिले, सरांनी ती मागे ओढून उजवीकडे फिरवायला लावली आणि वळसा सुटला, तेव्हा कुठे ते समजले.

अमेरिकेत पाच वर्षांच्या रेसिडेन्सीत किमान ३५ अप्पर एंडोस्कोपी (तोंडावाटे अन्ननलिका व जठराची तपासणी) आणि ५० कोलोनोस्कोपी (गुदद्वारावाटे मोठ्या आतड्याची तपासणी) अपेक्षित धरल्या गेल्या, आणि २०१७-१८ पासून तेथील सर्जरीच्या बोर्डाने सिम्युलेटरवरील परीक्षेचीही अट घातली. आपल्या तीन वर्षांत, त्यातही इमर्जन्सी आणि वॉर्ड सांभाळून, कोलोनोस्कोपीचा एवढा आकडा गाठणे अवघड असल्याने निदानापुरती अप्पर स्कोपी नीट शिकण्यावर भर द्यावा, असे मला वाटते. त्यात स्कोप जठरात उलटा वळवून फंडस आणि कार्डिया (जठराचा वरचा फुगीर भाग आणि अन्ननलिकेलगतचा भाग) पाहण्याची सवय पहिल्याच केसपासून लावून घ्यावी, कारण घाईत नेमका तोच भाग सुटतो.

कोलोनोस्कोपीत मात्र आधी स्कोप बाहेर काढण्याचे काम मागून घ्यावे. मला तेवढेच देत, तेव्हा तो अपमान वाटे. प्रत्यक्षात म्यूकोसा (आतड्याचे आतले अस्तर) तपासला जातो तो बाहेर येतानाच, आणि त्यासाठी किमान सहा मिनिटे द्यावीत असा संकेत आहे; शिवाय सीनियरलाही त्या टप्प्यावर नवख्याच्या हाती स्कोप देण्याची फारशी धास्ती नसते. युनिटचा ओटी (ऑपरेशनचा दिवस) नसेल त्या सकाळी स्कोपी रूममध्ये जाऊन उभे राहावे, आणि तेथील सिस्टरांशी बोलणे नीट ठेवावे.